आकाश कुठून आणलं?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज फोटोतल्या आकाशावर बोलणार, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. पण माझ्या मते प्रश्न आमच्याच शास्त्रातला आहे. दोन-तीन वेगवेगळे फोटो जोडून जो एक फोटो तयार होतो, तो खरा म्हणायचा की खोटा? आणि हे कशावरून ठरवायचं?

आधी अडचण काय आहे ते पाहू. भर दुपारी समुद्रकिनारी तुम्ही घरच्या कुणाचा तरी फोटो काढता. तुमच्या डोळ्यांना चेहराही दिसतो आणि मागचे ढगही दिसतात. फोटोत मात्र चेहरा नीट आला तर आकाश पांढरं फटक होतं, आणि आकाश सांभाळलं तर चेहरा काळवंडतो. हा अनुभव ज्याने एकदा तरी कॅमेरा हातात धरला आहे त्या प्रत्येकाचा आहे.

याचं कारण अगदी हिशेबाचं आहे. छायाचित्रकार प्रकाशातला फरक 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट. दहा स्टॉप म्हणजे 1024 पट. उन्हातला ढग आणि झाडाखालची गडद सावली यांच्यात एवढा, कधी याहूनही जास्त फरक असतो. छापील कागदावर मात्र सगळ्यात पांढरा भाग सगळ्यात काळ्या भागापेक्षा साधारण शंभरपट उजळ असतो. म्हणजे हजाराचा व्यवहार शंभरात बसवायचा आहे. तो बसवताना काहीतरी दाबावं लागणार, काहीतरी सोडावं लागणार.

त्यात डिजिटल कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. सेन्सरवरचा प्रत्येक बारीक खण म्हणजे पाण्याचं छोटं भांडं समजा. भांडं भरलं की वरचं पाणी वाहून जातं, आणि किती वाहून गेलं याची नोंद कुठेच राहत नाही. आकाश पांढरं पडतं म्हणजे तिथली सगळी भांडी काठोकाठ भरलेली असतात. नंतर संगणकावर कितीही खटपट करा, तिथे करडा रंग येईल, ढग येणार नाही. सावलीचं तसं नसतं. तिथे भांड्याच्या तळाशी थोडं पाणी असतं, गढूळ असेल, पण असतं.

म्हणून ब्रॅकेटिंग करतात. ट्रायपॉडवर कॅमेरा स्थिर ठेवायचा आणि एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे. समजा, पहिला सेकंदाच्या साठाव्या भागाचा, दुसरा अडीचशेव्या भागाचा, तिसरा पंधराव्या भागाचा. बदल फक्त शटरच्या वेळेत करायचा. अॅपर्चर हलवलं तर किती खोलवर स्पष्ट दिसतं तेच बदलतं, आणि मग फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. अडीचशेव्या भागाच्या फोटोत ढग सापडतात, पंधराव्या भागाच्या फोटोत सावलीतला दगड सापडतो. मग आकाश एका फोटोतून, जमीन दुसऱ्यातून घेऊन दोन्ही एकत्र करायचं. कुणी हे हाताने मास्क रंगवून करतो, कुणी सॉफ्टवेअरवर सोपवतो.

आता अनेकांना वाटतं की ही सगळी संगणकाची किमया आहे आणि संगणक येण्यापूर्वी फोटो साधाभोळा आणि खरा होता. हे खरं नाही, आणि आजचं बोलणं मला इथूनच पुढे न्यायचं आहे.

पडद्यावर आता जे चित्र आहे ते 1857 सालचं. ग्युस्ताव ले ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेत नावाचं बंदर आहे, तिथला हा भूमध्य समुद्र. 'मोठी लाट' या नावाने हे चित्र ओळखलं जातं. डावीकडे दगडी बांधाचा काळा पट्टा, समोर फुटणारी लाट, आणि वरच्या अर्ध्या भागात ढगांनी भरलेलं आकाश. आज तुम्हाला हे साधं वाटेल. त्या काळच्या लोकांना हे पाहून धक्का बसला होता, कारण समुद्र आणि आकाश एका फोटोत असे एकत्र येतच नसत.

त्या काळी काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन निगेटिव्ह करत. ही पद्धत 1851 मध्ये आली. या थराला निळा प्रकाश आणि अतिनील किरण चटकन लागत, हिरवा फार कमी, तांबडा जवळजवळ नाही. त्यामुळे निळं आकाश आणि पांढरा ढग त्या काचेला जवळपास सारखेच. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश कधीच भाजून निघालेलं असे. त्या काळातली निसर्गदृश्यं पाहा, पुष्कळांची आकाशं कोरी आहेत. कित्येकदा तिथे डाग पडत, म्हणून छायाचित्रकार निगेटिव्हचा तेवढा भाग रंगवून बंदच करून टाकत. म्हणजे कोरं आकाशसुद्धा हाताने केलेलंच होतं! हा मुद्दा लक्षात ठेवा. ज्याला आपण 'मूळ, न छेडलेला फोटो' म्हणतो, त्याचंही आकाश खरं नव्हतं.

यावर उपाय काय, तर दोन निगेटिव्ह. ढगांसाठी वेगळी निगेटिव्ह वापरावी हे इपोलित बायार याने 1852 मध्येच सुचवलं होतं. ले ग्रेने ते इतक्या सफाईने केलं की सांगणाऱ्यापेक्षा करणाऱ्याचं नाव पुढे राहिलं. एक काच समुद्रासाठी, एक आकाशासाठी. कागद समुद्राच्या काचेखाली उन्हात ठेवायचा आणि वरचा भाग झाकायचा. मग काच बदलायची, खालचा भाग झाकायचा आणि आकाश उतरवायचं. सांधा क्षितिजावर. क्षितिज ही निसर्गानेच आखून दिलेली सरळ रेघ आहे, त्यामुळे सांधा तिथे लपतो. डोंगर किंवा झाडं असती तर ही युक्ती एवढी सोपी राहिली नसती.

इथपर्यंत हे आपल्या ब्रॅकेटिंगसारखंच वाटतं. पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. ले ग्रेच्या दोन काचा दर वेळी एकाच जागेच्या, एकाच वेळेच्या नसत. आकाश कधी दुसऱ्या दिवशीचं असे, कधी दुसऱ्या ठिकाणचं. त्याच्या वेगवेगळ्या समुद्रचित्रांमध्ये तेच ते ढग पुन्हा भेटतात. म्हणजे हे आकाश उसनं आणलेलं आहे.

मग ले ग्रेला खोटारडा म्हणायचं का? इथे मी आपल्या परंपरेतली एक कसोटी वापरतो. न्यायदर्शनात ज्ञानाच्या साधनांमध्ये 'शब्द' हे एक साधन मानलं आहे, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. हा विश्वासू माणूस, हा 'आप्त', कोण? वात्स्यायनाच्या भाष्यात याचं उत्तर आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली आहे, आणि जशी पाहिली तशी सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू पडतं असंही तिथे म्हटलं आहे. तेव्हा आपल्या फ्रेंच पाहुण्याला लावायला काही हरकत नाही. (हशा)

अटी दोन आहेत, हे पाहा. पहिली, त्याने पाहिलेलं असलं पाहिजे. दुसरी, पाहिलं तसं सांगायची इच्छा पाहिजे. फोटोवर बोलताना लोक या दोन अटींची गल्लत करतात आणि मग वाद संपत नाही.

पहिली अट आधी घेऊ. एकाच जागी, एका मिनिटाच्या आत घेतलेले तीन फोटो म्हणजे एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलेला प्रश्न. एकदा त्याला आकाशाबद्दल विचारलं, एकदा जमिनीबद्दल, एकदा दोहोंच्या मधल्याबद्दल. तिन्ही वेळी तो तिथेच उभा होता. अशा फोटोंची जोडणी ही पहिल्या अटीत पूर्ण बसते. एका फोटोपेक्षा ती जास्त सांगते. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये जी पद्धत मांडली, ती तर सरळ मोजणीच आहे. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूपासून सापेक्ष किती प्रकाश येत होता हे काढायचं. तिथे भांडं भरून वाहिलेलं पाणीही हिशेबात येतं, कारण त्याच जागी लहान एक्स्पोजरचं दुसरं भांडं अर्धंच भरलेलं असतं.

उसन्या आकाशाचं तसं नाही. त्या ढगांनी तो समुद्र पाहिलेला नाही. ले ग्रे पहिल्या अटीत नापास होतो, यात मला शंका नाही.

पण त्याने साक्ष देण्याचा दावा केला होता का? तो चित्रकार म्हणून शिकलेला माणूस होता, पॉल दलारोशच्या हाताखाली. ही चित्रं भिंतीवर लावायची म्हणून तो विकत होता. अमुक तारखेला सेतला हवा कशी होती, याचा दाखला म्हणून कुणी ती विकत घेत नव्हतं. त्यामुळे इथे नापास होण्याने फारसं नुकसान होत नाही.

नुकसान कुठे होतं ते पाहायला मुंबईला येऊ, कारण हेच तंत्र थोड्याच वर्षांत इथल्या माणसांवर वापरलं गेलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये सुरू झाली. तिच्याशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सनने 1863 आणि 1866 मध्ये दोन खंडांचं पुस्तक काढलं, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर. प्रत्येक फोटोसोबत त्या समाजाची माहिती. त्यातल्या अनेक फोटोंमध्ये माणसं एका निगेटिव्हमधली आहेत आणि मागचं दृश्य दुसऱ्याच. नीट पाहिलं तर माणसांचे काठ कापून ठेवल्यासारखे दिसतात. तंत्र ले ग्रेचंच, पण दावा निराळा. वाचणाऱ्याला सांगितलं जातंय की हे लोक असे असतात, इथे असतात. म्हणजे ही साक्ष आहे. आणि त्या माणसांनी त्या जागी पाऊल ठेवलं होतं की नाही, हे त्या पानावरून कळायला मार्ग नाही. माझ्या दृष्टीने सेतच्या उसन्या ढगांपेक्षा ही उसनी पार्श्वभूमी जास्त गंभीर आहे. ढगाचं काही जात नाही. माणसाला कुठे उभं केलं यावरून त्याच्याबद्दलचं मत बनतं.

आता दुसरी अट, पाहिलं तसं सांगण्याची इच्छा. इथे चित्र उलटं होतं. आजचे एचडीआर म्हणून मिरवणारे पुष्कळ फोटो पहिल्या अटीत चोख असतात. तिन्ही एक्स्पोजर एका जागेची, एका वेळेची. आणि तरीही बघताना मन म्हणतं, छे, असं नव्हतं. ढग शिशासारखे करडे, त्यांच्या खालची झाडी फुलबाजी लावल्यासारखी उजळ, डोंगराच्या कडेने एक चमकती पट्टी, आणि सावली कुठेच नाही. काय बिघडलं? हजाराचं शंभरात बसवताना प्रत्येक कोपऱ्याला सारखा वाटा दिला गेला. सगळं दिसलं पाहिजे, या हट्टापायी प्रकाशाचा क्रमच मोडला.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा असतो की, डोळ्यांना तर सगळं दिसत होतं, मग फोटोत का नको? युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. डोळ्यांना सगळं दिसतं, पण एका वेळी दिसत नाही. ढगाकडे पाहिलं की बाहुली आकुंचते, सावलीकडे वळलं की विस्फारते, आणि सरावायला क्षणभर लागतो. त्या क्षणात आपल्याला कळतं की वर प्रखर आहे, इथे अंधार आहे. फोटो हे सगळं एकदम समोर ठेवतो. त्यामुळे प्रखर काय आणि मंद काय, हे त्याला चित्रातच सांगावं लागतं. ते सांगितलं नाही, तर नोंद खरी आणि सांगणं खोटं, अशी अवस्था होते.

आणि इथे ले ग्रे आजच्या मंडळींना मागे टाकतो. पुन्हा पडद्याकडे पाहा. आकाश उसनं आहे, पण ते समुद्रापेक्षा उजळ आहे. बांध काळाच ठेवलाय, त्यातला दगडन् दगड दाखवायचा मोह त्याला झालेला नाही. फेसावरचा उजेड आणि ढगांमधला उजेड एकमेकांशी बोलतात. त्याचं 1856 चं दुसरं चित्र घ्या, पाण्यावरच्या दोन डोलकाठ्यांच्या गलबताचं. ते एकाच निगेटिव्हवरून केलेलं मानलं जातं. भर दिवसा काढलेलं, पण लोकांना ते चांदण्यातलं वाटलं. तिथे त्याने आकाशाला जपेल एवढंच थोडं एक्स्पोजर दिलं. पाणी ढगांचा उजेड परत फेकत असल्याने तेही उमटलं. बाकीचं गडद झालं तर होऊ दिलं. म्हणजे काय सोडायचं हे या माणसाला कळत होतं. ही जाण एका निगेटिव्हमध्ये जशी दिसते तशीच दोन निगेटिव्हच्या सांध्यातही दिसते. दोष म्हणाल तर एवढाच की, तेच ढग दुसऱ्या चित्रात ओळखू आले की पहिल्या चित्रावरचाही भरवसा थोडा हलतो. एकदा ओळखले की ते न ओळखल्यासारखं करता येत नाही.

ज्यांना हे घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. पहिली, तुमचं काम तपासायचं असेल तर पाणी शोधा. तळं, नदी, डबकं, काहीही. स्थिर पाण्यातलं आकाशाचं प्रतिबिंब वरच्या त्याच भागातल्या आकाशापेक्षा उजळ असू शकत नाही, कारण परावर्तनात थोडा प्रकाश जातोच. जोडलेल्या फोटोत जर तळं आकाशापेक्षा जास्त चमकत असेल, तर क्रम मोडलाय असं समजा. दुसरी, जोडणी आवश्यक तेवढ्याच भागापुरती ठेवा. जिथे आकाश खरोखर कोरं पडलंय तिथेच लहान एक्स्पोजर आणा, आणि आणलेलं आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळच राहू द्या. वाऱ्याने हलणारी पानं, लाटा, चालणारी माणसं ही एकाच फोटोतून घ्या, नाहीतर एकाच्या जागी दोन भुतं दिसतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. हे सगळं आता तुम्ही करत नाही, तुमचा फोन करतो. 2010 मध्ये आयफोनवर एचडीआरची सोय आली तेव्हा ती तीन एक्स्पोजर जोडत असे आणि चालू-बंद करता येत असे. 2013 मध्ये गूगलने नेक्सस 5 वर एचडीआर प्लस आणलं. त्यात युक्ती वेगळी होती. आकाश वाचेल असे कमी एक्स्पोजरचे अनेक फोटो भराभर घ्यायचे, ते एकावर एक बसवून सावलीतला गढूळपणा काढायचा आणि मग सावली उचलायची. आज बहुतेक चांगल्या फोनमध्ये अशी काही ना काही जोडणी न विचारता होते. याला माझा आक्षेप नाही. साक्षीदार तोच आहे, प्रश्न अनेकदा विचारलाय एवढंच.

पण 2020 मध्ये फोटोशॉपमध्ये 'आकाश बदला' अशी सोयही आली. एक बटण, आणि पांढऱ्या आकाशाच्या जागी दुसरीकडचं आकाश. ले ग्रेला उन्हात काचा बदलत जे करावं लागे ते आता चहा निवेपर्यंत होतं. जोडणी आणि उसनवारी या दोन गोष्टी आता एकाच मेन्यूत शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि दोघींनाही 'एडिटिंग' असं एकच नाव आहे. धोका या एका नावात आहे. फोटो आता फक्त भिंतीवर लागत नाही. पाण्याखाली गेलेल्या पिकाचा फोटो पंचनाम्याला जोडला जातो, अपघाताचा फोटो विम्याच्या कागदांत जातो. अशा फोटोत आकाश ही शोभा नसते. ढग किती होते, ऊन कुठून येत होतं, वेळ कोणती होती, हे त्यावरून कळतं. तिथे तीन एक्स्पोजर जोडून आकाश वाचवलं तर पुरावा बळकट होतो. दुसरं आकाश चिकटवलं तर तो पुरावाच राहत नाही, मग खालचं पीक कितीही खरं असो. आणि शिक्षा होते ती त्या खऱ्या पिकाच्या मालकाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. किती फोटो जोडले हे विचारू नका. दोन प्रश्न विचारा. यातला प्रत्येक तुकडा त्या जागी, त्या वेळी हजर होता का? आणि जोडताना प्रकाशाचा क्रम राखला का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते चित्राखाली लिहा आणि खुशाल टांगा. दुसऱ्याचं 'नाही' असेल तर पुन्हा बसा आणि नीट करा.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग ले ग्रेचं हे चित्र तुम्ही तुमच्या भिंतीवर लावाल का?)

लावीन की! आनंदाने लावीन. फक्त घरी येणाऱ्याने विचारलं, "त्या दिवशी खरंच असे ढग होते का हो?" तर त्याला सांगावं लागेल की लाट सेतची आहे, ढगांचं काही सांगता येत नाही. एवढं सांगूनही तो चित्रासमोर थांबला, तर त्याला चहा देऊ.